जुनी गाडी क्लासिक कितव्या वर्षी होते? वय ठरवायचं कसं

या प्रश्नाला लोक एका आकड्यात उत्तर मागतात आणि देणारेही छातीठोकपणे देतात, कुणी म्हणतं २०, कुणी २५, कुणी ३०, कुणी ४०, आणि गंमत म्हणजे सगळेच कुठे ना कुठे बरोबर असतात. कारण तो आकडा गाडीवर कमी आणि विचारतंय कोण यावर जास्त अवलंबून असतो. टॅक्स घेणाऱ्यांचा आकडा वेगळा, इन्शुरन्सवाल्यांचा वेगळा, रॅली भरवणाऱ्या क्लबचा वेगळा, आणि विकणाऱ्याचा तर रोज वेगळा, समोर गिऱ्हाईक जरा हळवं दिसलं की पंधरा वर्षांची साधी हॅचबॅकपण क्लासिक होऊन जाते.

म्हणून सगळ्यात आधी हे ठरवा की आकडा हवाय कशाला. टॅक्स माफ व्हावा म्हणून, बाहेरच्या देशातून गाडी आणायची म्हणून, वेगळी नंबर प्लेट पाहिजे म्हणून, इन्शुरन्स कमी बसावा म्हणून, एखाद्या रॅलीत उतरायचंय म्हणून, की नुसतं मित्रांशी वाद घालायला? शेवटचं कारण सोडलं तर बाकी कशातही तुमचं-माझं मत कुणी विचारत नाही, नियम लिहिलेला असतो, तो वाचायचा आणि त्याप्रमाणे मोजायचं. वाद घालायला मात्र डोकं लागतं, आणि विकत घेतानासुद्धा तेच डोकं कामाला येतं, त्यामुळे दोन्ही बाजू बघू.

लिहिलेले आकडे

जगात सगळ्यात जास्त चालणारा आकडा ३० आहे. जुन्या गाड्यांच्या क्लबांची जागतिक संघटना फिवा, १९६६ पासूनची, तिचं म्हणणं असं की गाडी किमान ३० वर्षांची हवी, मूळ इतिहासाला धरून नीट जपलेली हवी, आणि रोजच्या ये-जा करायला वापरात नको. ही तिसरी अट लोक विसरतात. म्हणजे तुम्ही ३५ वर्षांच्या गाडीने रोज ऑफिसला जात असाल तर फिवाच्या हिशोबाने ती फक्त जुनी गाडी आहे, मग भले ती कितीही देखणी असो. मला ही अट थोडी अन्यायाची वाटते, रोज चालणारी गाडी उभ्या गाडीपेक्षा बऱ्याचदा चांगली राहते, पण नियम त्यांचा आहे.

युरोपियन युनियनच्या २०१४ च्या वाहन तपासणीच्या नियमातही ३० वर्षंच आहेत, आणि वर दोन अटी, त्या प्रकारची गाडी आता बनत नसावी आणि मुख्य भागांच्या तांत्रिक रचनेत मोठे बदल केलेले नसावेत. जर्मनीत ३० वर्षं झाली की नंबराच्या शेवटी 'एच' अक्षर असलेली प्लेट मिळू शकते, १९९७ पासून ही सोय आहे, पण वाढदिवस झाला आणि प्लेट आली असं नाही, अधिकृत तपासनीस गाडी बघतो, रिपोर्ट देतो, मगच. गंजलेली, नुसती कशीबशी चालणारी गाडी ४५ वर्षांची असली तरी तिथे नापास होऊ शकते.

ब्रिटनमध्ये आकडा ४०. चाळीस वर्षं झालेल्या गाडीला रोड टॅक्स माफ, आणि २०१८ पासून वार्षिक तपासणीतूनही सूट, मात्र ही दुसरी सूट मिळायला गेल्या ३० वर्षांत गाडीत मोठे बदल झालेले नसावेत. अमेरिकेत परदेशातून आणलेल्या गाडीला तिथले सुरक्षेचे नियम लागू न होता आत येता यावं यासाठी २५ वर्षं पाहिजेत, शेजारच्या कॅनडात त्याच कामाला १५ वर्षं पुरतात. इटलीत ३० वर्षांनंतर मालकी-टॅक्स माफ, २० ते २९ वर्षांच्या गाड्यांना आधी सूट होती ती २०१५ मध्ये काढली, मग २०१९ मध्ये निम्मी परत दिली, तीही ऐतिहासिक महत्त्वाचं सर्टिफिकेट असेल आणि त्याची नोंद गाडीच्या कागदात असेल तरच. भारतात २०२१ मध्ये जे नियम आले त्यात सरकारी व्हिंटेज दर्जासाठी तब्बल ५० वर्षं लागतात, पहिल्या रजिस्ट्रेशनपासून मोजून, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठी फेरफार नको. असा दर्जा मिळालेल्या गाडीच्या नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात आणि ती रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, तांत्रिक अभ्यास एवढ्यालाच.

म्हणजे बघा, कॅनडात १५ ला जे काम होतं ते एक आणि भारतात ५० ला होतं ते दुसरं, दोन्ही आकडे एकाच वादात समोरासमोर टाकण्यात काही अर्थच नाही. एक आयातीचा आहे, दुसरा जपणुकीच्या दर्जाचा.

इन्शुरन्सबद्दल एवढंच की प्रत्येक कंपनीची वयाची रेघ वेगळी असते, काही कंपन्या पंधरा-वीस वर्षांनाही क्लासिक पॉलिसी देतात, आणि वयापेक्षा त्या हे जास्त बघतात की वर्षाला किती किलोमीटर फिरणार, गाडी रात्री कुठे उभी राहणार आणि रोजच्या वापराला घरात दुसरी गाडी आहे का. फोन करून विचारा, अंदाज बांधत बसू नका. आणि विचारताना गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पार निकामी झाली तर पैसे आधी ठरवलेल्या किमतीने मिळणार की त्या दिवशीच्या बाजारभावाने हे आधी विचारा, जुन्या गाडीत सगळा खेळ तिथे असतो.

रेघ सरकते का तिथेच थांबलीय

हा मुद्दा फार कमी लोक तपासतात आणि मग हिशोब चुकतो. नियम दोन प्रकारचे असतात. एकात वय लिहिलेलं असतं, म्हणजे दरवर्षी एक नवीन वर्ष आत येतं. दुसऱ्यात तारीख लिहिलेली असते, म्हणजे त्या तारखेनंतर बनलेली गाडी कितीही म्हातारी झाली तरी आत येणार नाही.

ब्रिटनचंच उदाहरण घ्या. तिथे पूर्वी टॅक्सची सूट २५ वर्षांवर होती आणि रेघ सरकत होती, मग १९९० च्या दशकाच्या शेवटी सरकारने ती १ जानेवारी १९७३ या तारखेवर थांबवली. त्याच्या आधीची गाडी असेल तर टॅक्स नाही, नंतरची असेल तर भरत राहा. त्यामुळे डिसेंबर १९७२ ची आणि फेब्रुवारी १९७३ ची अशा दोन अगदी सारख्या गाड्या असल्या तरी एकीला कायमची सूट आणि दुसरीला काहीच नाही, असं वर्षानुवर्षं चाललं. शेवटी २०१४ पासून रेघ पुन्हा सरकायला लागली, पण या वेळी ४० वर्षांवर. कॅलिफोर्नियात उलटं झालं, धुराच्या तपासणीतून ३० वर्षांच्या गाड्यांना सूट मिळायची, रेघ सरकती होती, ती २००५ मध्ये थांबवली, तेव्हापासून १९७५ किंवा त्याआधीच्या मॉडेलची पेट्रोल गाडी सुटली आणि १९७६ ची अडकली ती अडकलीच.

तर "अजून तीन वर्षं थांबलो की माझी गाडी बसेल" असा हिशोब करण्याआधी नियमात वय आहे का तारीख ते बघा. आणि वय असलं तरी सरकार ते बदलू शकतं हे धरूनच चाला, निव्वळ सवलत मिळेल या आशेवर गाडी घेऊन ठेवणं मला तरी पटत नाही.

मोजायला कुठून सुरुवात करायची

आता खरं काम. "मॉडेल कितीचं?" असं विचारलं की समोरचा एक साल सांगतो, पण त्या सालामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. गाडी कारखान्यात बनली ती तारीख, गाडीचं पहिल्यांदा रजिस्ट्रेशन झालं ती तारीख, आणि कंपनीने जे मॉडेल इयर लावलं ते. या तिघांत सहज एक-दोन वर्षांचा फरक पडतो. ऑक्टोबरमध्ये बनलेली गाडी पुढच्या वर्षाचं मॉडेल म्हणून विकणं अमेरिकेत तर नेहमीचंच, आणि शोरूममध्ये किंवा गोदीत पडून राहिलेली गाडी बनल्यानंतर दोन वर्षांनी रजिस्टर झालेली असू शकते.

कुठला नियम कुठल्या तारखेपासून मोजतो हे बघावं लागतं. ब्रिटन बनल्याची तारीख धरतं. ती माहीत नसेल तर सोय अशी आहे की रजिस्ट्रेशन ८ जानेवारीच्या आत झालेलं असेल तर गाडी आदल्या वर्षी बनली असं मानतात, कारण वर्षाच्या पहिल्या आठवड्यात रजिस्टर झालेली गाडी त्याच आठवड्यात बनलेली असणं अवघडच. जर्मनी आणि भारत पहिल्यांदा रस्त्यावर आली, रजिस्टर झाली तिथून मोजतात. युरोपचा सर्वसाधारण नियम म्हणतो बनली किंवा पहिल्यांदा रजिस्टर झाली, दोन्हीपैकी एक. अमेरिकेच्या २५ वर्षांच्या आयात नियमात तर बनल्याचा महिनासुद्धा महत्त्वाचा, म्हणूनच जानेवारी १९९९ मध्ये बनलेली निस्सान स्कायलाइन जीटी-आर, आर३४ वाली, जानेवारी २०२४ मध्ये तिकडे जायला मोकळी झाली आणि त्याच वर्षी नंतर बनलेल्यांना आपापल्या महिन्याची वाट बघावी लागली.

कागद हातात नसतील किंवा कागदावर विश्वास नसेल तर गाडीलाच विचारायचं. १९८१ च्या आसपासपासूनच्या गाड्यांवर १७ अक्षरांचा चेसिस नंबर असतो, अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीत त्यातलं दहावं अक्षर मॉडेल इयर सांगतं. मात्र ही अक्षरं दर ३० वर्षांनी परत येतात, 'बी' म्हणजे १९८१ पण आणि २०११ पण, अर्थात १९८१ ची आणि २०११ ची गाडी समोर उभी असताना कुणी गोंधळणार नाही. खरा गोंधळ होतो तो युरोप किंवा जपानच्या गाड्यांत, तिथे सगळ्या कंपन्या दहाव्या जागेवर साल लिहीतच नाहीत, जपानच्या घरच्या बाजारातल्या गाडीला तर १७ अक्षरांचा नंबरच नसतो, छोटा फ्रेम नंबर असतो. इंटरनेटवरचं नंबर टाकून साल सांगणारं कुठलंही फुकट पेज अशा गाडीबद्दल बिनधास्त काहीही सांगतं, त्यावर व्यवहार करू नका.

त्यापेक्षा बरं म्हणजे अनेक ठिकाणच्या खुणा जुळवून बघणं. काचांच्या कोपऱ्यात काच कधी बनली त्याचे कोड असतात, सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेल्या कापडी पट्टीवर तारीख असते, प्लास्टिकच्या मोठ्या भागांवर आतून घड्याळासारखा गोल शिक्का असतो त्यात साल आणि महिना, इंजिन ब्लॉकवर किंवा सिलिंडर हेडवर ओतकामाचे आकडे. हे सगळे भाग गाडीच्या आधी काही आठवडे ते काही महिने बनलेले असतात, नंतर नाही. म्हणजे काच १९८९ ची आणि गाडी १९८७ ची सांगतायत तर एकतर काच बदललीय नाहीतर गाडीचं साल थापेचं आहे. एक काच बदललेली असू शकते हो, पण सगळ्याच काचा, सगळे बेल्ट आणि डॅशबोर्ड सगळे दोन वर्षांनी पुढचे निघाले तर मग काय समजायचं ते समजा.

शेवटचा उपाय म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचं जुनं रेकॉर्ड. बऱ्याच कंपन्यांचे क्लासिक विभाग चेसिस नंबरावरून बनल्याची तारीख, मूळ रंग, कुठल्या देशात पाठवली असं पत्र देतात, आणि जुन्या ब्रिटिश ब्रँडांपैकी अनेकांचे कारखान्यातले रजिस्टर ब्रिटिश मोटर म्युझियमकडे आहेत, ते त्यावरून हेरिटेज सर्टिफिकेट काढून देतात. पैसे लागतात, वेळ लागतो, पण हा कागद सरकारी खिडकीवर पण चालतो आणि विकताना पण.

गाडीचं वय वेगळं, डिझाइनचं वय वेगळं

इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात. फोक्सवॅगन बीटल मेक्सिकोत जुलै २००३ पर्यंत बनत होती. सिट्रोएन २सीव्ही १९४८ ते १९९०. मूळ मिनी १९५९ पासून २००० पर्यंत. हिंदुस्तान अॅम्बॅसॅडर १९५८ ला आली आणि २०१४ ला बंद झाली, तीपण मुळात मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीच्या जिवावर. फोक्सवॅगनची ती गोल डोळ्यांची व्हॅन, जिला सगळं जग हिप्पी व्हॅन म्हणतं, ती ब्राझीलमध्ये डिसेंबर २०१३ पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत होती. आता २०१३ ची ब्राझिलियन व्हॅन रस्त्यावरून गेली की दहापैकी नऊ जण माना वळवून "काय क्लासिक आहे" म्हणणार, पण जर्मनीत तिला एच प्लेटसाठी २०४३ उजाडायची वाट बघायला लागेल. उलट १९९५ ची एखादी अगदी साधी, कुणी ढुंकून न बघणारी सेडान आत्ता तिथे वयाच्या अटीत बसते.

तुम्ही कुठल्या बाजूला? माझं सरळ आहे, वय नेहमी त्या एका गाडीचं मोजायचं, चेसिस नंबर असलेल्या त्या एका गाडीचं, डिझाइनचं नाही. नाहीतर याला शेवटच नाही. १९९१ ची निस्सान फिगारो बघा, बाहेरून पन्नासच्या दशकातली वाटते, आतून पहिल्या पिढीची मायक्रा आहे, दिसण्यावर गेलं तर ती शोरूममधून निघालेल्या दिवशीच क्लासिक होती. पण एका बाबतीत डिझाइनचं वय कामाचं आहे, ते म्हणजे पार्ट्स. खूप वर्षं बनलेल्या गाडीचे पार्ट्स भरपूर असतात, आणि २००० सालच्या मिनीची देखभाल आणि त्याच वर्षी आलेल्या आणि चार वर्षांत बंद झालेल्या कुठल्यातरी मॉडेलची देखभाल यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून घेताना डिझाइनचं वय बघा, दर्जा ठरवताना गाडीचं.

सरकार, क्लब कुणी विचारत नसेल तर

आता वादाचा भाग. आधी एक गोष्ट सांगतो जी मला फार आवडते. ब्रिटनमधला व्हिंटेज स्पोर्ट्स कार क्लब १९३४ मध्ये सुरू झाला आणि त्यांनी रेघ ओढली १९३० च्या शेवटावर, त्याआधीच्या गाड्या व्हिंटेज. म्हणजे क्लब निघाला तेव्हा त्यांच्या सगळ्यात नव्या व्हिंटेज गाड्या जेमतेम चार वर्षांच्या होत्या! त्यांचं दुखणं वयाचं नव्हतंच, त्यांना वाटायचं की तीसनंतर गाड्या स्वस्तात, घाऊक आणि मऊ बनायला लागल्या, आधीसारखी दणकट कारागिरी राहिली नाही. अमेरिकेतला १९५२ चा क्लासिक कार क्लबपण तसाच, तो फक्त १९१५ ते १९४८ मधल्या आणि त्यातही निवडक, भारी, महागड्या गाड्यांनाच पूर्ण क्लासिक म्हणतो. १९२७ पर्यंत दीड कोटीच्या वर बनलेली फोर्ड मॉडेल टी त्यांच्या यादीत बसत नाही, वय झालंय की नाही हा प्रश्नच नाही.

म्हणजे सुरुवातीपासून लोकांनी वयाच्या आडून दुसरंच काहीतरी मोजलंय. मी तीन गोष्टी बघतो. एक, ही गाडी रस्त्यावर दिसायची बंद झालीय का, म्हणजे अगदी शून्य नाही, पण दिसली की "अरे ही अजून आहे?" असं होतं का. दोन, जे लोक ती नवीन असताना लहान होते ते आता कमावते होऊन ती शोधायला लागलेत का. तीन, तिची किंमत खाली जायची थांबून एकतर स्थिर झालीय किंवा वर निघालीय का. बहुतेक साध्या गाड्यांची किंमत पंधरा-वीस वर्षांच्या आसपास तळाला पोचते, त्यात निम्म्याहून जास्त भंगारात जातात, आणि उरलेल्यांचं नशीब पुढच्या दहा वर्षांत ठरतं. या तिन्ही गोष्टी साधारण २५ ते ३० वर्षांच्या दरम्यान एकत्र येतात, म्हणून कुठलाच नियम आड येत नसेल तर मी २५ धरतो. पंधरा-वीस वर्षांच्या पुढच्या, पण अजून क्लासिक न झालेल्या गाडीला युरोपात यंगटायमर म्हणतात, मला ते नाव बरं वाटतं, उगाच क्लासिक म्हणून भाव वाढवण्यापेक्षा.

काही जुनेजाणते म्हणतात कार्ब्युरेटर असेल तरच क्लासिक, कंप्युटर आला की संपलं. भावना समजते, पण हे टिकणारं नाही. युरोपात १९९३ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, लागला आणि त्याबरोबर इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन जवळजवळ सगळीकडे आलं, अमेरिकेत १९९६ पासून कंप्युटर जोडून दोष वाचायचं सॉकेट सक्तीचं झालं. त्या गाड्या आता तिशीच्या आसपास आहेत आणि नियमाने आत येतायत, तुम्हाला आवडो न आवडो. मात्र या पिढीची गाडी घेताना पत्र्याच्या गंजाइतकंच लक्ष इंजिनच्या कंट्रोल युनिटकडे द्या, त्यातले जुने कपॅसिटर गळतात आणि बोर्ड खातात, आणि गंज निदान डोळ्यांना दिसतो तरी.

व्हॅनचा हिशोब वेगळा का करावा

व्हॅन ही कामाची गाडी. कारला कुणीतरी जपतं, रविवारी धुतं, व्हॅनमध्ये सिमेंट भरतात. तिचं आयुष्य लवकर संपतं, पत्रा आतून खालून सडतो, दुरुस्तीचा खर्च किमतीच्या वर गेला की मालक हिशोबाने ती तोडायला देतो, त्याला भावना परवडत नाही. त्यामुळे सिट्रोएनची ती पन्हाळी पत्र्याची एच व्हॅन, १९४७ ते १९८१, किंवा १९६५ ची पहिली फोर्ड ट्रान्झिट, यांच्या लाखो बनल्या तरी माल वाहणारी, मूळ अवस्थेतली व्हॅन मिळणं त्याच काळातल्या स्पोर्ट्स कारपेक्षा अवघड जातं. ज्या वाचल्या त्यातल्या पुष्कळशा कुणीतरी कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, करून टाकल्या म्हणून वाचल्या.

सरकारी नियम व्हॅनला वयात कसलीच सूट देत नाहीत, उलट जास्त अडवतात. ब्रिटनमध्ये ४० वर्षांची व्हॅन तुम्ही धंद्याला वापरत असाल तर टॅक्सची सूट नाही, भाड्याने दिली तरी नाही. जुन्या व्हॅनमधून कॉफी विकायची कल्पना ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी हे आधी बघावं, कारण व्हॅन क्लासिक असणं आणि तिचा वापर क्लासिकमध्ये बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाकी ठिकाणीही कमी-जास्त फरकाने हेच, भारताच्या व्हिंटेज नियमात तर धंद्याचा वापर सरळ बंदच आहे.

कॅम्पर केलेल्या व्हॅनमध्ये अजून एक प्रश्न, बदल मूळ मानायचे का? इथे तारीख बघायची, व्हॅनची नाही, बदलाची. फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये वेस्टफालिया कंपनी १९५० च्या दशकापासून बिछाने आणि कपाटं बसवून देत होती, असं त्या काळातलं काम असेल तर तो इतिहासाचाच भाग झाला. जर्मनीतले तपासनीसही साधारण हेच बघतात, बदल गाडीच्या पहिल्या दहा वर्षांतला असेल किंवा त्या काळात तसे बदल होत असल्याचं दाखवता आलं तर चालतो. पण १९८५ ची व्हॅन २०२० मध्ये आतून प्लायवूड, सोलर पॅनल आणि एलईडी लावून सजवली असेल तर ती छान घर आहे, वयाची अट तिने पार केली तरी मूळपणाच्या अटीत ती अडकू शकते. आणि 'त्या प्रकारची गाडी आता बनत नसावी' या अटीचाही व्हॅनमध्ये घोळ होतो, ट्रान्झिट नावाची गाडी तर आजही बनते, पण मोजायची ती पिढी, नाव नव्हे, हे समोरच्या माणसाला शांतपणे समजवायची तयारी ठेवा.

माझ्यापुरतं सांगायचं तर वाद घालताना व्हॅनला मी पाच वर्षं सूट देतो, कारला २५ तर मूळ अवस्थेतल्या मालवाहू व्हॅनला २०. कॅम्परला सूट नाही, तिला सगळे जपतात.

वय बसलं, पण गाडी तीच आहे का

एवढं सगळं मोजून झाल्यावर शेवटी हे बघायला लागतं की जिचं वय मोजलं ती गाडी अजून शिल्लक आहे का, का नुसती नंबर प्लेट आणि आरसी शिल्लक आहे आणि बाकी सगळं नवीन. यासाठी ब्रिटनमध्ये बरीच वर्षं एक गुणांची पद्धत वापरात राहिली, ती मला अजूनही डोक्यात धरून चालायला सोपी वाटते. मूळ चेसिस किंवा मूळ बॉडीचा सांगाडा असेल तर ५ गुण, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, आणि इंजिनला फक्त १. किमान ८ गुण पाहिजेत आणि चेसिस किंवा सांगाडा मूळचा हवाच. इंजिनला एकच गुण बघून लोक दचकतात, पण बरोबरच आहे, इंजिन त्या काळीही बदललं जायचंच, घासून गेलं की दुसरं बसवायचे. चेसिस गेला की गाडी गेली.

तर गाडीखाली झोपून चेसिस नंबर खरंच मूळ जागेवर ठोकलेला आहे का ते बघा, आजूबाजूला वेल्डिंगच्या खुणा, नंबराभोवती नवाकोरा रंग, अक्षरांची उंची कमी-जास्त, असलं काही दिसलं की वय-बिय विसरा आणि घरी जा. डेंटिंग-पेंटिंग, नवीन वायरिंग, सीटांची नवी कव्हरं याने वय कमी होत नाही, ते कुणीही अडवत नाही. रंग मूळ शेडचा आहे का हे किमतीला लागतं, दर्जाला क्वचितच.

आणि ज्यांची गाडी आत्ता अठरा-वीस वर्षांची आहे आणि पुढे ठेवायची आहे त्यांनी आत्ताच कामाला लागा. पहिलं बिल, सर्व्हिस बुक, जुनी आरसी, इन्शुरन्सचे कागद, मालकाचं मॅन्युअल, दुसरी चावी, हे सगळं एका फाइलमध्ये घाला, आणि अलॉय, स्टिरिओ, सायलेन्सर जे काही बदलाल त्याचा काढलेला मूळ पार्ट भंगारवाल्याला देऊ नका, पुसून, नाव-तारीख लिहून ठेवून द्या. दहा वर्षांनी तपासनीस नेमका तोच स्टिरिओ मागेल, आणि तेव्हा तो कुठल्याच दुकानात मिळणार नाही.